सायलीस, त्या ३६ च्या कागदाबद्दल

कराड,
रविवार, दुपार

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, वेगमर्यादेचा कोर्स करू की शंभर पौंड दंड भरून मोकळी होऊ?" मी म्हणालो, पत्राने कळवतो. तू हसलीस. पण अशा गोष्टी मला फोनवर नीट बोलता येत नाहीत. निम्मं बोलून झालं की तुझी आई फोन मागते आणि उरलेलं मनातच राहतं. म्हणून वही घेऊन बसलोय. राहुल उद्या पानांचे फोटो काढून तुला पाठवेल.

गाडीच्या वेगाबद्दल तिकडे इंग्लंडात तुला आलेले दोन्ही कागद मी चार वेळा वाचले. जिथे अडलो तिथे राहुलला विचारलं. ताशी ३० ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ३६. मैल आहेत ते, म्हणजे आपल्या हिशेबात ४८ च्या जागी ५८. वेळ सकाळची आठ वाजून बारा मिनिटं, वार रविवार. रात्रपाळी करून तू घरी निघाली होतीस. तुझं म्हणणं असं की रस्ता मोकळा होता, शाळा बंद होत्या, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, आणि वेग जास्त होता तोही सहाच मैलांनी.

आधी एक गोष्ट लिहितो, कारण ती मला फार आवडली. पहिला कागद आला, गाडी कोण चालवत होतं ते २८ दिवसांत लिहून द्या असा, तेव्हा कामावरच्या कुणीतरी तुला सांगितलं की दीर येऊन गेलाय ना, त्याचं नाव टाक, तो आता भारतात, त्याला कोण शोधायला जातंय. तू नाही म्हणालीस आणि स्वतःचं नाव लिहून दिलंस. आईला तू हे सहज सांगितलंस, पण त्या रात्री मी सुखाने झोपलो. राहुलने मला नंतर सांगितलं की तिथे असं करून लोक तुरुंगात गेलेत. पुढे मंत्री झालेला ख्रिस ह्यून, त्याचे २००३ सालचे वेगाचे पॉइंट, म्हणजे लायसन्सवर चढणारे दंडाचे गुण, बायकोने स्वतःच्या नावावर घेतले होते. पुढे ते उघड झालं आणि दहा वर्षांनी, २०१३ मध्ये, दोघांना आठ-आठ महिन्यांची शिक्षा झाली. मूळ गुन्हा तीन पॉइंटांचा. पण तुला हे प्रकरण माहीतही नव्हतं आणि तरी तू नाही म्हणालीस, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

आता कोर्सचं.

मागच्या उन्हाळ्यात मी लेस्टरला तुझ्याकडे होतो तेव्हा दीड महिना तुझ्या शेजारच्या सीटवर बसलो. तू गाडी चांगली चालवतेस. आरशात बघतेस, सायकलवाल्याला जागा देतेस, हॉर्न वाजवत नाहीस. पण एक गोष्ट मी तेव्हाच पाहिली होती आणि बोललो नाही. पाहुणा म्हणून आलेल्या बापाने शेजारी बसून चुका काढू नयेत असं वाटलं. तुझ्या मोबाइलच्या नकाशावर पोचायची वेळ दिसते ना, ती ९:४२ ची ९:४० झाली की तुझा चेहरा खुलायचा. पुन्हा ९:४३ झाली की पाय आपोआप खाली जायचा. एसटीत आम्ही त्याला टाइम भरून काढणं म्हणायचो. ती सवय माझ्यात बरीच वर्षं होती, म्हणून दुसऱ्यात मला लगेच ओळखू येते.

जे पुढे लिहितोय ते तुझ्या आईलाही माहीत नाही. पत्र वाचून झालं की तिला सांगणार आहे.

१९९६ चा जानेवारी. तू दीड वर्षाची होतीस. चिपळूणहून सकाळची गाडी घेऊन मी कराडला येत होतो. कुंभार्ली घाटात एक ट्रक बंद पडला आणि तासभर तिथेच गेला. गाडीत एक गृहस्थ होते, त्यांची कराडच्या कोर्टात तारीख होती. घाट चढून कोयनानगरला आलो तेव्हापासून ते माझ्या मागे येऊन उभेच राहिले. त्यांचा दोष नाही, गाडी माझ्या हातात होती. पाटण सोडल्यावर रस्ता सपाट आणि मोकळा, तिथे मी पाय खाली दाबला. पुढचं गाव असं होतं की तिथून पस्तीसने जावं. माझा काटा साठच्या पुढे होता. उसाचा हंगाम, रस्त्याच्या कडेला मोळ्यांनी भरलेली बैलगाडी उभी. तिच्या मागून एक मुलगी रस्त्यावर आली. सात-आठ वर्षांची असेल, पाठीला दप्तर, हातात अर्धवट सोललेलं उसाचं कांडं.

ब्रेक मारला. मागे लोक एकमेकांवर आपटले. कंडक्टरच्या हातातला तिकिटांचा ट्रे उडाला आणि सगळ्या गाडीत तिकिटं पसरली. गाडी थांबली तेव्हा मला काचेतून ती मुलगी दिसत नव्हती. सायली, ते तीन-चार सेकंद मी आजही विसरलेलो नाही. मग बंपरच्या खालच्या बाजूने तिचं डोकं वर आलं. ती खाली पडलेलं कांडं उचलायला वाकली होती. माझ्याकडे एकदा बघून ती पळून गेली.

कुणाला खरचटलंही नाही. तक्रार नाही, रिपोर्ट नाही. कोर्टवाले गृहस्थ म्हणाले, "चला ड्रायव्हर, निघा आता." कराडला पोचल्यावर मी हिशेब केला. घाटात गेलेल्या तासातली अकरा मिनिटं मी भरून काढली होती.

आता जे सांगतो ते मला सांगायला जास्त जड जातं. पंधरा दिवस मी जपून गाडी चालवली. त्या गावात तर बैलगाडीच्या चालीने. शिमग्यापर्यंत माझा पाय पुन्हा पहिल्यासारखा झाला होता. मी वाईट माणूस नव्हतो, बेफिकीर तर अजिबात नव्हतो. घरी तुझ्यासारखी पोर होती. तरीही झालं. मला वाटायचं की अशी घटना माणसाला आयुष्यभर पुरेल. मला ती पंधरा दिवस पुरली.

दोन वर्षांनी उजळणी प्रशिक्षणासाठी माझं नाव लागलं. मी कुरकुरतच गेलो. घाटात गाडी मारणाऱ्याला हे काय शिकवणार, असं तेव्हा माझं म्हणणं. तू परवा जे म्हणालीस, "मी अठराव्या वर्षापासून गाडी चालवतेय", ते ऐकताना मला माझाच आवाज ऐकू आला. तिथे एक वयस्क शिकवणारे होते. त्यांनी मैदानावर फक्कीची एक रेघ मारली आणि आम्हा बारा जणांच्या हातात एकेक दगड दिला. म्हणाले, साठच्या वेगाने गाडी या रेघेवर आली आणि मी शिट्टी वाजवली, तर गाडीचं नाक कुठे थांबेल तिथे आपापला दगड ठेवा. बाराही जण मुरलेले ड्रायव्हर. आम्ही दगड ठेवले. गाडी आली, शिट्टी झाली, ब्रेक लागला. माझा दगड गाडीखाली होता, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध. दोघांचे दगड तर पार मागे राहिले होते. गाडीच्या पुढे एकाचाही दगड नव्हता.

त्यानंतर माझा पाय बदलला. घाबरून बदलला नाही, डोळ्यांनी पाहिल्यामुळे बदलला. त्या मुलीच्या वेळी गाडी थांबली ती माझ्या हुशारीने, असं मी दोन वर्षं मनात धरून होतो. त्या मैदानावर कळलं की ती रस्त्यावर दोन पावलं पुढे असती तर माझा कुठलाही अनुभव कामाला आला नसता.

तुझ्या सहा मैलांचाही हिशेब राहुलकडून करून घेतला. तुमच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, ३० मैलांना थांबायला २३ मीटर लागतात, असं दिलंय. त्यातले ९ मीटर ब्रेकवर पाय जाईपर्यंतच संपतात, आणि ४० मैलांना तेच अंतर ३६ मीटर होतं. ३६ मैलांना साधारण ३१. तू म्हणशील आठ मीटरांनी काय होतं. पण राहुलने पुढचा आकडा सांगितला तेव्हा मी त्याला दोनदा मांडायला लावला. तीसने येणारी गाडी ज्या जागी पूर्ण थांबलेली असते, त्या जागेवर तुझी गाडी अजून ताशी ३५-३६ किलोमीटरने पुढे जात असते. कारण वेग सवापटीच्या आतच वाढला तरी त्याचा मार जवळजवळ दीडपट होतो, वेगाच्या वर्गाने वाढतो म्हणे. आणि हायवे कोडमधले मीटर धरलेत ते जाग्या माणसाचे. तू बारा तास वॉर्डात उभी राहून निघाली होतीस. मुक्कामी गाड्यांवर रात्री धड झोप न लागता पहाटेची फेरी मी कितीदा काढली आहे. डोळे उघडे असतात, पण पाहिलेलं डोक्यात पोचायला उशीर होतो. आणि मोकळ्या रस्त्यावरच जास्त, कारण तिथे जागं ठेवायला काही नसतं.

तू सांगितलेल्या अडचणी एकेक बघू.

पैसे. कोर्सची फीही त्या दंडाच्या आसपासच आहे, म्हणजे पैशांत फारसा फरक नाही. पण दंडाबरोबर तीन पॉइंट येतात आणि कोर्स केला तर येत नाहीत. ते पॉइंट लायसन्सवर चार वर्षं दिसत राहतात, आणि विमा कंपन्या तर साधारण पाच वर्षांतल्या शिक्षा विचारतात. कोर्स ही शिक्षा धरत नाहीत. मात्र एखाद्या कंपनीने अर्जात सरळ विचारलं की असा कोर्स केलाय का, तर हो लिही. तिथेही खोटं नको.

तुझ्या बाबतीत त्याहून मोठी गोष्ट आहे आणि ती तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. तिथली परीक्षा पास होऊन तुला चौदा महिने झालेत. पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं, आणि मग शिकाऊ लायसन्सपासून लेखी, प्रात्यक्षिक, सगळं पुन्हा. इथे पुण्यात तू सहा वर्षं गाडी चालवलीस ती यात धरत नाहीत. आज तीन पॉइंट घेतलेस तर उरलेले दहा महिने तुला एकाही चुकीची मुभा राहणार नाही, आणि अशीच आणखी एक चूक झाली की रात्रपाळीला जायची-यायची सोयच संपली. ती परीक्षा तू दुसऱ्या खेपेला पास झालीस, त्या आधीच्या रात्री फोनवर किती रडली होतीस, आठवतं ना?

वेळ. सुटीचा एक दिवस जाईल हे मान्य. पण अख्खा दिवस नाही. मँचेस्टरचा प्रसाद दोन वर्षांपूर्वी याच कोर्सला बसला होता, त्याला मी मुद्दाम फोन केला. तो म्हणाला, घरूनच व्हिडिओवर, पावणेतीन तासांच्या आसपास. कॅमेरा सुरू ठेवावा लागतो, खोलीत एकटंच बसावं लागतं, सुरुवातीला ओळख दाखवायची. उशीर झाला तर आत घेत नाहीत. परीक्षा नसते, पण नुसतं बसून चालत नाही, बोलावं लागतं. त्याला तिथेच पहिल्यांदा कळलं की इंग्लंडात रस्त्यावर दिव्यांचे खांब असले आणि वेगळी पाटी नसली तर मर्यादा तीसची, मधे दुभाजक असला तरी. तो आठ वर्षं तिथे गाडी चालवत होता आणि अशा रस्त्यांना चाळीस समजत होता. शेजारच्या वेल्समध्ये तर सप्टेंबर २०२३ पासून असे रस्ते वीसचे झालेत. सुटीत तुम्ही तिकडे जाता, म्हणून लिहिलं.

आणि लाज. फोनवर तू ती हसण्यावारी नेलीस, पण मला वाटतं खरी अडचण हीच आहे. अनोळखी लोकांसमोर गुन्हेगारासारखं कोण बसणार, असं म्हणालीस. सायली, प्रसादच्या बरोबर एक निवृत्त शिक्षिका होत्या, एक सुतार होता, एक नुकतीच आई झालेली मुलगी होती. गुन्हेगार कोणी नव्हतं. वेगाने वेडे झालेल्यांना हा कोर्स देतच नाहीत. तीसच्या रस्त्यावर ३५ ते ४२ या वेगात सापडलेल्यांनाच तो देतात, आणि त्याच्या वर गेलं की सरळ पॉइंट किंवा कोर्ट. तोही तीन वर्षांत एकदाच. म्हणजे हा कागद तुला माणूस म्हणून वाईट ठरवत नाही. तू अजून ऐकशील, असं धरून पाठवलेला आहे. इथे आपल्याकडे मोबाइलवर ई-चलान येतं, लोक ते साठवून ठेवतात आणि लोकअदालतीची वाट बघतात. पैसे भरले की विषय संपला. बसून शिका असं कोणी म्हणत नाही. म्हणत असते तर १९९६ च्या त्या जानेवारीनंतर मला दोन वर्षं थांबावं लागलं नसतं.

कोर्सने खरंच काही होतं का, हेही राहुलने शोधून काढलं. तिथल्या सरकारने २०१८ मध्ये एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, चौदा लाख चालकांच्या नोंदी तपासून. कोर्स केलेले लोक पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा वेगात सापडण्याचं प्रमाण १२ ते २३ टक्क्यांनी कमी झालं, म्हणजे दंड भरणाऱ्यांपेक्षा बरं. त्यामुळे अपघात कमी झाले असं मात्र त्या अभ्यासात सिद्ध करता आलं नाही. मी तुला दोन्ही सांगतो. नुसतं बसल्याने कोणी बदलत नाही, हे मला माहीत आहे. आमच्या त्या बारा जणांतही दोघे दुसऱ्या दिवसापासून पुन्हा तसेच.

पण तू त्या दोघांतली नाहीस. पेशंटला औषध देण्याआधी तू पाकिटावरचं नाव दोनदा वाचतेस, मी घरी तुला माझ्या गोळ्या देताना पाहिलंय. एवढी नीट असलेली मुलगी "सहाच मैल" म्हणते तेव्हा मला काळजी वाटते. वॉर्डात कुणी तुला सांगितलं की सहाच मिलिग्रॅम जास्त गेलं, तर तू काय म्हणशील?

तेव्हा कोर्स कर, हे माझं म्हणणं. तू त्या वेगात नव्हतीस असं तुला वाटत असतं तर मी म्हटलं असतं, कोर्टात जा, तो तुझा हक्क आहे. पण काटा पाहिला नव्हता, असं तूच म्हणालीस.

ऑफरच्या कागदावर शेवटची तारीख छापली आहे, ती चुकवू नकोस. ती गेली की हा रस्ता बंद होतो. पैसे भरून दिवस आजच निवड. रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ अजिबात घेऊ नकोस, दोन सुट्या लागून असतील त्यातली दुसरी घे, झोप झालेली असेल अशी. दहा मिनिटं आधी लॅपटॉप लाव. लायसन्स शेजारी काढून ठेव. आणि बोलायची वेळ आली की रविवार सकाळचं खरं काय ते सांग, बारा तासांची ड्युटी, मोबाइलवरची ती वेळ, सगळं. ज्याने शिकवायचंय त्याला ते कळायला हवं.

अजून एक. शक्य झालं तर गाडीतल्या नकाशावरची ती पोचायची वेळ झाकून टाक. काळी चिकटपट्टी लाव नाहीतर सेटिंगमधून काढ. पुढच्या वर्षी मी येईन तेव्हा ती दिसली नाही पाहिजे. रात्रपाळीनंतर खूपच थकली असशील तर वॉर्डातच वीस मिनिटं डोळे मिटून बस आणि मग नीघ. घरी उशिरा पोचलीस म्हणून कोणी रागावणार नाही.

इकडे सगळं ठीक. आईचे गुडघे थंडीत दुखतात, पण दत्तमंदिरापर्यंत चालून येते. अंगणातला पेरू लागलाय. कोर्सची तारीख आणि वेळ ठरली की लगेच कळव, इथली वेळ लावून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करणार आहे. त्या तीन तासांत आईने तुला फोन करायचा नाही, हे मी तिला आत्ताच सांगून ठेवतो.

तुझे,
बाबा

ता. क. : तिथेही थांबण्याचं अंतर ओळखायला लावतात, असं प्रसाद म्हणाला. तुझा अंदाज किती आला ते मला खरं सांग. माझा दगड कुठे होता ते मी तुला सांगितलंय.